अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलनं रक्तवाहिन्यांचा दाह उतरतो का?

प्रश्न असा आहे : "माझे वडील ६२ वर्षांचे आहेत, सांगलीला असतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. परवाच्या तपासणीत एचएस-सीआरपी ३.८ आला. एका परिचितांनी सांगितलं की रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, त्यावर अँटिऑक्सिडंट हवेत. त्यांनी व्हिटॅमिन ई ४००, मिरीचा अर्क घातलेलं कर्क्युमिन आणि ग्रीन टीचा अर्क अशा तीन कॅप्सूल सुरू करून दिल्या. आता वडील म्हणतात, हे सगळं नैसर्गिक आहे, तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करूया. ते सिगारेट ओढत नाहीत, फक्त तंबाखू मळतात. अँटिऑक्सिडंटनं दाह खरंच कमी होतो का?"

स्टेंटला अजून वर्षही झालेलं नाही, म्हणून आधी एवढंच सांगतो : कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, आणि रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ज्या गोळ्या लिहून दिल्या असतील त्या आज रात्रीही चुकवू नका. पुढचं सावकाश वाचा, गोळ्या मात्र चालू राहू द्या.

एचएस-सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, त्यामुळे तुमच्या परिचितांचं म्हणणं निराधार नाही. रक्तवाहिन्यांच्या दाहात ऑक्सिडेशनचा हात असतो, ही गोष्ट पक्की आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे. ऑक्सिडेशननं दाह होतो, म्हणजे अँटिऑक्सिडंट गिळला की दाह जाईल, असं मानून हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले आणि ते फसले. का फसले ते कळलं, की घरात कोणती गोष्ट ठेवायची आणि कोणती काढायची हे आपोआप कळेल. म्हणून जरा खोलात जातो.

धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिलं की हे अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीन दिल्यावर धमनी सैलावते, आणि अस्तर खरवडून काढलं तर सैलावत नाही. म्हणजे ते अस्तर काहीतरी सोडत होतं. तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि त्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. नायट्रिक ऑक्साइड धमनी सैल ठेवतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याची दुसरी कामं आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाची आहेत : तो प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना अस्तराला धरू देत नाही. रक्तवाहिनीचं स्वतःचं दाहशामक म्हणावं असा हा रेणू आहे.

त्याचा सगळ्यात मोठा वैरी सुपरऑक्साइड. ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की तो तयार होतो. धमनीच्या भिंतीत तो बनवणारं मुख्य एन्झाइम एनएडीपीएच ऑक्सिडेज. बीपी जास्त असताना अँजिओटेन्सिन-२ हे रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक त्याला चेतवतं. रक्तातली साखर सतत चढी असेल तर पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांतूनही सुपरऑक्साइड जास्त गळतो. हा सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला भेटला की दोघं मिळून पेरॉक्सीनायट्राइट तयार होतं. इथं दुहेरी तोटा होतो. कामाचा रेणू गेला तो गेलाच, वर हे नवं संयुग आसपासची प्रथिनं आणि चरबी बिघडवतं. त्यात टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा एक सहघटक खराब होतो. तो नसेल, तर जे एन्झाइम एरवी नायट्रिक ऑक्साइड बनवतं तेच सुपरऑक्साइड बनवायला लागतं. मला या साऱ्या साखळीत हीच जागा सगळ्यात धोक्याची वाटते, कारण इथून बिघाड स्वतःला पोसायला लागतो.

मग पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक जागा होतो आणि केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करतो. अस्तरावर व्हीकॅम-१ सारखे चिकट रेणू उगवतात, त्यांना धरून मोनोसाइट पेशी भिंतीत शिरतात. भिंतीत आधीच अडकून पडलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल तिथं ऑक्सिडाइज झालेलं असतं. शिरलेल्या पेशी मॅक्रोफेज बनून ते खात सुटतात. साधं एलडीएल घेताना पेशीला 'पुरे' म्हणता येतं, ऑक्सिडाइज झालेलं घेताना ती सोय नसते, म्हणून त्या चरबीनं फुगून फेसाळ दिसू लागतात. ब्लॉकेजची सुरुवात ही अशी. डॅनियल स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही ऑक्सिडेशनची मांडणी ठळकपणे पुढे आणली, आणि १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस हा दाहाचा आजार आहे असं स्पष्ट लिहिलं. आज ते कुणी नाकारत नाही.

एवढं समजल्यावर व्हिटॅमिन ई द्यावंसं वाटणं साहजिक होतं. ते चरबीत विरघळतं, एलडीएलच्या कणावर बसून प्रवास करतं, आणि प्रयोगशाळेत एलडीएलचं ऑक्सिडेशन लांबवतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत ई घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसला. १९९६ मध्ये केंब्रिजच्या २,००२ रुग्णांवरच्या प्रयोगात, ज्याला केऑस म्हणतात, जीवघेणे नसलेले हार्ट अटॅक खूपच कमी झाले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्या काळात अनेक डॉक्टर स्वतःही ई घेत असत.

मग मोठे प्रयोग आले. इटलीतल्या जीसी प्रयोगात, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांत, रोज ३०० मिलिग्रॅम ई देऊन ठरवलेला मुख्य फायदा दिसला नाही. २००० साली होप प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ९,५४१ जणांना दोन प्रश्नांसाठी एकाच वेळी वाटून घेतलं होतं : बीपीची रॅमिप्रिल आणि व्हिटॅमिन ई ४००. रॅमिप्रिलनं हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून २२ टक्क्यांनी घटले, ई नं काहीही घटलं नाही. त्याच रुग्णांना पुढे काही वर्षं पाहिलं तेव्हा ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर थोडं जास्त निघालं. वडिलांच्या कॅप्सूलवर लिहिलेला डोस तोच आहे, ४००. रोजच्या गरजेच्या कितीतरी पट.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ब्रिटनचा हार्ट प्रोटेक्शन स्टडी, २००२ चा. २०,५३६ माणसं, पाच वर्षं. अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन; अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. शिवाय सिमव्हास्टॅटिन ४० या स्टॅटिनची वाटणी वेगळी. रक्तात जीवनसत्त्वं पोचलीच नाहीत असं म्हणायला जागा नव्हती : ई ची पातळी जवळपास दुप्पट झाली, बीटा-कॅरोटीनची चौपट. तरी हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातही फरक नाही. आणि त्याच माणसांत स्टॅटिननं हार्ट अटॅक, पक्षाघात असे प्रकार सुमारे एक चतुर्थांशानं कमी केले. वडिलांना जो सौदा करायचा आहे, म्हणजे स्टॅटिन सोडून अँटिऑक्सिडंट घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजू या एकाच प्रयोगात मोजून ठेवलेल्या आहेत.

तोटाही दिसला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगात, १९९४ मध्ये, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतल्या डॉक्टरांवरच्या प्रयोगात ई नं हृदयाला फायदा झाला नाही, उलट मेंदूत रक्तस्राव होणारा पक्षाघात वाढला. ई मोठ्या डोसमध्ये रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. स्टेंटनंतर सहसा अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर असतंच. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला ही काळजी आहे.

आता फसण्याची कारणं. एकच कारण नाही, आणि काही अजून उलगडताहेत, पण जी स्पष्ट आहेत ती सांगतो.

पहिलं वेगाचं. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची एकमेकांशी होणारी प्रक्रिया इतकी झपाट्याची आहे की व्हिटॅमिन सी ला मध्ये पडायचं तर ते रक्तात प्रचंड प्रमाणात हवं. धूम्रपान करणाऱ्यांच्या हाताच्या धमनीत थेट सी सोडलं तर अस्तराचं काम तेवढ्यापुरतं सुधारतं, हे १९९६ मध्ये जर्मनीत दाखवलं गेलं. पण गोळीतून ती पातळी गाठता येत नाही. आतडं एका मर्यादेनंतर शोषत नाही, आणि मूत्रपिंड जादा सी बाहेर टाकतं.

दुसरं म्हणजे सगळे ऑक्सिडंट एका जातीचे नसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हा मुक्त मूलकच (फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) नाही. व्हिटॅमिन ई त्याच्यावर काही करू शकत नाही, त्याला पेशीतली कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं लागतात. पांढऱ्या पेशी हायपोक्लोरस आम्ल सोडतात, ते एलडीएलच्या प्रथिनावर हल्ला करतं. तिथंही ई चा पाड लागत नाही. आणि ई नं एखादा मूलक स्वतःवर घेतला की ते स्वतः मूलक बनतं. शेजारी सी किंवा दुसरं कुणी ते सोडवायला नसेल, तर तेच चरबीचं ऑक्सिडेशन पुढे ढकलतं. हे सिडनीच्या रोलँड स्टॉकर यांनी दाखवलं. त्यांच्याच गटानं १९९५ मध्ये माणसांच्या धमन्यांतले ब्लॉकेज तपासले, तर त्यात ऑक्सिडाइज झालेली चरबी होती आणि तिच्या बरोबरीनं ई आणि सी दोन्ही भरपूर होते. जिथं उणीवच नव्हती तिथं अजून टाकून काय साधणार?

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पेशी सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड मुद्दामही बनवतात, अगदी थोडे, निरोप म्हणून. व्यायामानं स्नायूत ते वाढतात, आणि तो निरोप मिळाल्यावर पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइमं वाढवते. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना व्यायामासोबत रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० दिलं, तर व्यायामानं इन्शुलिनला मिळणारा चांगला प्रतिसादच पुसला गेला. गावात आग लागली म्हणून हाळी देणाऱ्याचंच तोंड दाबावं, तसं झालं. गोळी गिळून सगळीकडचे मूलक सरसकट शांत करणं हे ध्येयच चुकीचं होतं.

आणि एक निरीक्षण, जे मी विद्यार्थ्यांना नेहमी अँजिओग्राम समोर ठेवून दाखवतो. ब्लॉकेज धमनीत कुठंही होत नाहीत. जिथं फांदी फुटते, वळण असतं, तिथं होतात. तेच रक्त, तीच जीवनसत्त्वं, तीच साखर सरळ भागातूनही वाहते, पण तिथलं अस्तर बराच काळ निरोगी राहतं. सरळ वाहणाऱ्या रक्ताचा घासता स्पर्श अस्तरातल्या पेशींना एनआरएफ-२ आणि केएलएफ-२ हे दोन नियंत्रक चालू ठेवायला लावतो. एनआरएफ-२ ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, बनवणारी आणि हीम ऑक्सिजनेज-१ सारखी एन्झाइमं वाढवतो, केएलएफ-२ नायट्रिक ऑक्साइड वाढवतो. फांदीशी प्रवाह भोवऱ्यासारखा मागेपुढे होतो, स्पर्श तुटक असतो, आणि हे संरक्षण उतरतं. १९९९ मध्ये जपानमधून हीम ऑक्सिजनेज-१ जन्मतःच नसलेल्या एका मुलाची नोंद झाली. त्याच्या शरीरात सतत दाह होता आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर भयंकर खराब झालं होतं. जीवनसत्त्वं कमी पडल्यानं नव्हे, पेशीची स्वतःची यंत्रणा नसल्यानं. अँटिऑक्सिडंट ही बाहेरून टाकायची वस्तू आहे असं आपण धरून चालतो, पण धमनीत त्याचा खरा साठा पेशी स्वतः बनवते.

हे मनात ठेवून भाज्या-फळांकडे या. भरपूर भाज्या, फळं, डाळी, दाणे खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. स्पेनमधल्या प्रेडिमेड प्रयोगात एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर अक्रोड-बदाम दिलेल्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. वाटणीच्या पद्धतीतल्या चुकांमुळे तो निबंध मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये आकडेमोड पुन्हा करून छापला गेला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. मग अन्नात अँटिऑक्सिडंट असतात म्हणूनच हा फायदा, असं म्हणावं का? पॉलिफेनॉल नावाची जी संयुगं चहात, आवळ्यात, कोकमात, जांभळात, कांद्यात असतात, त्यांपैकी बरीचशी आतड्यातून जेमतेम शोषली जातात. यकृत आणि आतड्यातले जिवाणू त्यांचं रूप बदलतात. जेवणानंतर मूळ संयुगाची रक्तातली पातळी बहुतेक वेळा लिटरला एक मायक्रोमोलच्याही खाली राहते. रक्तात एरवीच युरिक आम्ल काही शे मायक्रोमोल आणि पेशींच्या आत ग्लुटाथायोन त्याहूनही कितीतरी जास्त असतं. एवढ्या जमावात पॉलिफेनॉलनं हातानं मूलक पकडले असतील हे पटत नाही. परीक्षानळीत कोणता पदार्थ किती मूलक पकडतो याचे आकडे पाकिटांवर छापायची टूम होती. अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्या आकड्यांची यादीच २०१२ मध्ये काढून टाकली, कारण शरीरातल्या परिणामाशी त्यांचा संबंध लागत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता.

मग ही संयुगं करतात काय? अनेक वनस्पती-संयुगं पेशीला किंचित डिवचतात. एनआरएफ-२ ला एरवी कीप-१ नावाचं प्रथिन धरून ठेवतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्या कुळातलं सल्फोराफेन त्या कीप-१ मधल्या गंधकाला जाऊन चिकटतं, एनआरएफ-२ सुटतो, आणि पेशी स्वतःची एन्झाइमं बनवायला लागते. थोडं डिवचणं आणि पेशीनं सज्ज होणं, हा मार्ग आहे. कोको आणि चहातली फ्लॅव्हनॉल्स नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला चालना देतात आणि धमनीचं सैलावणं थोडं सुधारतं, हे माणसांत मोजलेलं आहे. तरी कोकोच्या अर्काचा मोठा प्रयोग, २०२२ चा कॉसमॉस, २१,४४२ ज्येष्ठांवरचा, त्यात मुख्य फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो दुय्यम निकाल होता. त्यावर औषध म्हणून विसंबणार नाही.

पालेभाज्यांत आणखी एक वाट आहे. पालक, माठ, बीट, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट भरपूर असतं. ते रक्तात जातं, लाळेत उतरतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं. म्हणजे एंडोथेलियम दुबळं असलं तरी चालणारी दुसरी वाट. लंडनमध्ये २००८ साली बीटचा रस प्यायलेल्यांचं बीपी काही तासांत उतरलं, आणि त्या वेळात लाळ गिळू न देता थुंकायला लावली तर उतरलं नाही. म्हणून जंतुनाशक माउथवॉशची रोजची सवय कारणाशिवाय लावून घेऊ नये, आणि पालेभाजी उकडून पाणी फेकू नये. नायट्रेट आणि सी दोन्ही त्या पाण्यात जातात. (मुतखडा होत असेल तर पालक आणि बीटच्या रसाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, त्यात ऑक्झलेट असतं.)

सांगलीच्या घरात हे सगळं आहेच. आवळा, कच्चा कांदा, शेंगदाणे, जवसाची चटणी, लसूण, ज्वारीची भाकरी, उसळी. कोकमाचं आगळ चांगलं, पण साखरेच्या पाकातलं सरबत रोज घेतलं तर मिळवलेलं साखरेत जातं. फोडणीतली हळद खुशाल राहू द्या. शेंगदाणे मूठभर, खारवलेले नकोत. आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल टाळा. तळणाच्या कढईत तासन्‌तास तापलेल्या तेलात ऑक्सिडाइज झालेली चरबी आयतीच मिळते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे ती उगाच नाही.

आता दाहाकडे सरळ येतो, कारण तिथं खरोखर प्रगती झाली आहे. २०१७ च्या कँटोस प्रयोगात, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन तपासलं. ते कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा एक निरोप्या अडवतं. १५० मिलिग्रॅमच्या गटात पुढचे झटके १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह थांबवून हृदय वाचवता येतं, हे तिथं पहिल्यांदा सिद्ध झालं. जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढल्यानं आणि किमतीमुळे ते रोजच्या वापरात आलं नाही. त्यानंतर संधिवाताच्या गाऊटमध्ये वापरली जाणारी जुनी, स्वस्त कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम तपासली गेली. २०१९ च्या कोलकॉटमध्ये फायदा २३ टक्के, २०२० च्या लोडोको-२ मध्ये ३१ टक्के. २०२४ मध्ये क्लिअर या ७,०६२ रुग्णांच्या प्रयोगात मात्र फायदा दिसला नाही, म्हणून आज ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत. वडिलांचा सीआरपी सतत २ च्या वर राहिला तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी तिच्याबद्दल जरूर बोला. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ती धोक्याची ठरते. एक कळकळीची सूचना : कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असतं, पण किती ते कंदाकंदाला बदलतं आणि तो जीव घेऊ शकतो. घरगुती औषध म्हणून तो कुणीही पोटात घेऊ नये.

आणि ज्या गोळीला वडील नकोशी म्हणताहेत ती स्टॅटिन, ती एलडीएलसोबत सीआरपीही उतरवते. २००८ च्या ज्युपिटर प्रयोगात एलडीएल फार नसलेल्या पण सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ जणांत रोसुव्हास्टॅटिननं हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रकार ४४ टक्क्यांनी कमी केले. भिंतीत अडकायला एलडीएलच कमी उरलं की ऑक्सिडाइज व्हायलाही काही उरत नाही. वडिलांना हे याच शब्दांत सांगा. अँटिऑक्सिडंट म्हणून जे काम ते कॅप्सूलकडून मागताहेत, ते ही गोळी आधीच करते आहे. स्टेंटनंतर एलडीएल ५५ च्या खाली असावं. तुम्ही प्रश्नात तो आकडा दिलेला नाही. तो आधी पाहा.

"फक्त तंबाखू" हे दोन शब्द मला तुमच्या सगळ्या प्रश्नात जास्त टोचले. मळलेला तंबाखू असो की मिश्री, धूर नसला तरी निकोटिन आहे. बीपी आणि नाडी त्यानं चढते, अँजिओटेन्सिनची यंत्रणा जागी राहते, हिरड्यांना सतत इजा होते. वर सांगितलेल्या सुपरऑक्साइडच्या कारखान्याला दिवसातून अनेक वेळा चालू करणारी वस्तू खिशात आहे आणि त्यावर उपाय म्हणून कॅप्सूल गिळली जाते आहे. मी वडिलांना दोष देत नाही, तंबाखूची पकड फार घट्ट असते. तिच्यासाठी निकोटिनचे च्युइंगगम, इतर औषधं आणि समुपदेशन उपलब्ध आहे. तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. त्यांच्या डॉक्टरांना थेट "हे सोडायला मदत करा" असं म्हणा. तीन कॅप्सूलचे पैसे इथं लावले तर धमनीला खरोखर उपयोग होईल.

सीआरपी ३.८ वर घाबरू नका. एचएस-सीआरपी १ च्या आत कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात. पण साधी सर्दी, किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या, गुडघ्याचं दुखणं यांनीही तो चढतो. दोन आठवड्यांनी, तब्येत बरी असताना, पुन्हा करा. तंबाखू खाणाऱ्या माणसाचे दात आणि तोंड दंतवैद्याकडून तपासून घेणं तर तसंही गरजेचं आहे. पोटाचा घेरही मोजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपल्याकडे हडकुळ्या दिसणाऱ्या माणसातही चरबीचं प्रमाण बरंच जास्त असू शकतं. पोटाच्या आतली चरबी इंटरल्युकिन-६ सोडते, आणि त्यावरूनच यकृत सीआरपी बनवतं. वजनकाट्यावर सगळं ठीक दिसत असलं तरी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी) केलेलं नसेल तर करून घ्या. रोज पाऊण तास भरभर चालणं डॉक्टरांनी मान्य केलं असेल तर तेही. चालताना वाढलेला सरळ प्रवाहच अस्तराला एनआरएफ-२ चालू ठेवायला सांगतो.

कॅप्सूलबद्दल : व्हिटॅमिन ई थांबवा, हळूहळू कमी करत न्यायची गरज नाही. ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूलही थांबवा. प्यायचा चहा वेगळा, पण एकवटलेल्या अर्कानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मिरीचा अर्क घातलेलं कर्क्युमिन थांबवण्याबाबत मी सर्वांत आग्रही आहे. साध्या हळदीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते फारसं शोषलं जात नाही. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ती सुखानं पचली. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतलं पायपेरिन सोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन कितीतरी पटींनी वाढतं. पण पायपेरिन हे करतं ते यकृतातली आणि आतड्यातली औषधं मोडणारी एन्झाइमं अडवून. त्याच एन्झाइमांवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि टिकाग्रेलोर यांचाही निचरा अवलंबून असतो. गेल्या काही वर्षांत इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून हळदीच्या कॅप्सूलनं यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत.

म्हणून या आठवड्यात वडिलांची यकृताची तपासणी, म्हणजे एएलटी, एएसटी आणि बिलिरुबिन, करून घ्या, आणि तिन्ही कॅप्सूलच्या पाकिटांचे फोटो डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना जाणं, अंगाला खाज सुटणं, किंवा शौचाला काळं होणं, हिरड्यांतून रक्त येत राहणं यांपैकी काहीही दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना दाखवून आणा. तेव्हाही हृदयाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.